मचूळ पाण्यातले पाहुणे

मराठीच्या प्राध्यापकाने मासे पाळावेत, हे आमच्या सौभाग्यवतींना कधीच पसंत नव्हते. "मासे ताटात शोभतात, दिवाणखान्यात नव्हेत," हे त्यांचे रत्नागिरीहून आणलेले मत. पण मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला लहानपणी मी जे नाक लावले, ते मनाने अजून काढलेले नाही. अखेर घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली आणि तिच्यात एक लायनफिश मुक्कामाला आला. पंख पसरून तो निघाला, की एखादा संस्थानिक शेला सावरीत चालल्यासारखे वाटे. त्याच्या पंखांच्या काट्यांत विष असते. तेव्हा टाकी साफ करण्याचा मान अर्थात माझा!

थाट जेवणातही संस्थानिकाचाच. मेलेल्या कोलंबीकडे तो ढुंकून पाहीना. एका दुकानदाराच्या सल्ल्याने गोल्डफिश आणून सोडले. ते बिचारे गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्याने अंगातले पाणी शोषून घेतले आणि उरलेले थोड्याच वेळात उलटे होऊन तरंगू लागले. शिवाय गोल्डफिशच्या अंगात 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, तेव्हा ते रोजचे अन्न नव्हेच, हे ज्ञान मला मागाहून झाले.

मग मॉली आणल्या. नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यातही सुखाने राहणारी ही जात. गोड्या पाण्यात ती अंगात शिरणारे पाणी बाहेर टाकते. खाऱ्यात उलट पाणी पिते आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे सोडते. मात्र हा पालट सावकाश व्हावा लागतो. बारीक नळीने थेंब थेंब खारे पाणी सोडीत मी चार दिवसांनी त्यांना लिटरला ३५ ग्रॅम मिठापर्यंत आणले.

मॉली अंडी घालीत नाही, पिल्लेच देते. महिन्याभरात शेजारच्या छोट्या टाकीत तीस पिल्ले दिसू लागली. माझा शिधा तयार झाला. पण आमच्या धाकटीने तोवर त्यांच्या आईचे नाव 'माई' ठेवले होते!

'मत्स्यन्याय' हा शब्द मी वर्गात वीस वर्षे शिकवतो आहे. जाळीत चार पिल्ले घेऊन उभा राहिलो, तेव्हा त्याचा अर्थ मला प्रथम कळला. तरी रात्री, सगळे निजल्यावर, ती मी सोडलीच.

सकाळी धाकटी म्हणाली, "बाबा, आज सव्वीसच आहेत."

मी खरे ते सांगितले. ती रडली नाही. दुपारी मात्र तिने ताटातला तळलेला बोंबील बाजूला सारला. सौभाग्यवती माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घ्या आता!"

त्या दिवसापासून मी लांब काडीला कोलंबीचा तुकडा लावून लायनफिशपुढे जिवंत असल्यासारखा नाचवू लागलो. अकरा दिवस त्याने दाद दिली नाही. बाराव्या दिवशी गपकन गिळला! त्या रात्री घरात सर्वांत आनंदाने मी जेवलो.

आता धाकटी पुन्हा बोंबील खाते. माईचा संसार वाढला आहे. पाहुणे आले, की धाकटी त्यांना पिल्ले मोजून दाखवते आणि शेवटी सांगते, "आणखी चार होती."

मी तेवढ्यात चहा सांगायला आत जातो.