प्रयोगशाळा अंगणात, परीक्षा कागदावर

राज्यातील शालेय अभ्यासक्रम पुन्हा एकदा बदलत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यास अनुसरून २०२५-२६ या वर्षी पहिलीचा नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि पुढील इयत्ता टप्प्याटप्प्याने त्याच वाटेने जावयाच्या आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणाही झाली. कृतीतून आणि अनुभवातून शिक्षण हे शब्द धोरणात ठायी ठायी आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावातील मुलास गणित आणि विज्ञान हे विषय यापुढे करावयास मिळणार, की पूर्वीप्रमाणे केवळ वाचावयास आणि पाठ करावयास मिळणार?

या प्रश्नाचे ठरीव उत्तर साधनांच्या अभावाकडे बोट दाखविते. उपकरणे नाहीत, प्रयोगशाळा नाही, मग शिक्षकाने करावे तरी काय? या तक्रारीत तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा मोहिमे'तून देशभरच्या प्राथमिक शाळांस साहित्याच्या पेट्या पुरविण्यात आल्या. फुटले-हरवले तर भरपाई कोणी करावयाची, या धाकाने त्यांतील पुष्कळसे साहित्य कपाटाबाहेर आलेच नाही. म्हणजे साधन असणे आणि ते मुलांच्या हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट, शाळेच्या भिंतीबाहेर जी साधने विनामूल्य पडून आहेत, त्यांचा हिशेब कोणीच मांडीत नाही.

अंगणातील काठी

एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीत उभी रोवली की खगोलशास्त्राची प्रयोगशाळा सुरू होते. पिंगळी सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, असे मोठी माणसेही मानतात. पण येथे तसे वर्षातून दोनच दिवस घडते. त्यांपैकी एक दिवस मेच्या मध्यास, म्हणजे सुट्टीत येतो आणि दुसरा जुलैच्या अखेरीस, बहुधा ढगांआड जातो. २२ डिसेंबरला या काठीची माध्यान्हीची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरते, २१ मार्चच्या सुमारास ती ३५ सेंटिमीटरांवर येते आणि शाळा नुकत्याच उघडलेल्या असताना, २१ जूनला, जेमतेम ७ सेंटिमीटरांची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. शिवाय सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडतच नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि पिंगळी त्याच्या पश्चिमेस. त्यामुळे येथील खरी माध्यान्ह सरासरी बारा वाजून तेवीस मिनिटांच्या आसपास होते. रेखांश आणि प्रमाणवेळ हे भूगोलाच्या पुस्तकातील रुक्ष शब्द मुलांस येथे पायाखाली सापडतात.

हाच धागा आणखी पुढे नेता येतो. केरळातील तिरुवनंतपुरम जवळजवळ पिंगळीच्याच रेखांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास तेथे एक मीटरच्या काठीची सावली सुमारे १५ सेंटिमीटर असते. दोन सावल्यांवरून निघणाऱ्या कोनांतील फरक अकरा अंशांहून किंचित कमी आणि दोन ठिकाणांतील अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. एवढ्यावर त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरांच्या आसपास निघतो. एराटोस्थेनिसने दोन हजार वर्षांपूर्वी याच तत्त्वाने पृथ्वी मोजली. दोन शाळांनी आपापली मापे एकमेकींस कळविण्यापुरता मोबाइल मात्र हवा. शिक्षणातील नव्या तंत्रज्ञानाचा याहून सार्थ उपयोग कोणता?

गणितासाठी तर दूर जाण्याचेही कारण नाही. घरोघरी असलेल्या सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि गावाच्या बोलण्यात मात्र एकर-गुंठे असतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा त्याहून सव्वा चौरस मीटरनेही मोठा नाही. दोन्ही सारखेच धरले तर एका आरात काहीच बिघडत नाही. पण पाच हेक्टरांच्या व्यवहारात किती गुंठ्यांचा घोळ होईल? क्षेत्रफळ, दशांश, एककांचे रूपांतर आणि मापनातील चूक हे चार पाठ या एका कागदावर शिकविता येतात. छपरावर पडलेल्या दर मिलिमीटर पावसामागे दर चौरस मीटरास एक लिटर पाणी मिळते, हे ज्या मुलाने स्वतः मोजले, त्यास घनफळाचे सूत्र घोकावे लागत नाही आणि टंचाईच्या वर्षी पाण्याचा हिशेबही समजतो.

जीवशास्त्राची सामग्री तर परभणीच्या पंचक्रोशीतच आहे. येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, केवडा रोगाचा प्रतिकार करणारी 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात दिली. लागवडीची भेंडी आणि तिची एक रानटी भावकी यांच्या संकरातून ती घडली. आनुवंशिकतेच्या धड्यात वाटाण्याचे उदाहरण जरूर असावे. पण आपल्याच जिल्ह्याचे नाव धारण करणाऱ्या भेंडीचा त्यात उल्लेख नसावा, याला काय म्हणावे?

हे प्रयत्न झालेले आहेत

हे सारे ऐकावयास गोड, पण सरकारी शाळेत अशक्य, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतून काम केले. केंद्राचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी यांनी भाषेच्या अडसराकडे विशेष लक्ष वेधले. आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सुबोध केली तरी ग्रामीण मुलांचे आकलन सुधारते, हे त्या केंद्राच्या कामातून दिसून आले. आज अनेक मराठी शाळा गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची 'सेमी' वाट धरीत असताना या निष्कर्षाची आठवण कोणास होत नाही, हे आश्चर्यच.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. जोडकाम, विजेची दुरुस्ती, शेती, अन्नप्रक्रिया अशा गावाला लागणाऱ्या कामांतून तंत्रज्ञान शिकविता येते, हे त्यांनी सिद्ध केले आणि ती पद्धत पुढे इतर शाळांतही गेली.

सर्वांत मोठा धडा मात्र शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबादचा आहे. तेथे १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे हजाराच्या आसपास शाळांत पोहोचला. साधे साहित्य, मुलांनी स्वतः करावयाचे प्रयोग आणि शिक्षकांच्या मासिक बैठका ही त्याची अंगे होती. पण त्याचे खरे बळ निराळ्याच ठिकाणी होते. त्याने परीक्षा बदलली. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही कसोटी होती. जे परीक्षेत विचारले जाते ते वर्गात शिकविले जाते, हे सत्य त्या मंडळींनी ओळखले होते. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम गुंडाळला. तीस वर्षे चाललेले काम एका शासकीय निर्णयाने थांबू शकते, हाही त्या धड्याचाच भाग आहे.

कळीचा मुद्दा

महाराष्ट्रात दहावीस विज्ञानाचे ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने द्यावयाचे असतात. त्या २० गुणांचे काय होते, हे शिक्षकांस आणि पालकांस सांगावयास नको. अशा स्थितीत अंगणात काठी रोवणारा शिक्षक वेळ फुकट घालविणारा ठरतो आणि अपेक्षित प्रश्नसंच सोडवून घेणारा कर्तव्यदक्ष. त्यातच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि रोज भरावयाच्या ऑनलाइन माहितीचा बोजा. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत कल्पकतेस उसंत कोठून मिळावी? दोष शिक्षकांच्या माथी मारून हा प्रश्न सुटणारा नाही.

उपाय महागडे नाहीत. आठवड्यास एक सलग दीड तास मोजणीसाठी आणि प्रयोगासाठी वेळापत्रकात राखून ठेवावा. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच. त्यांत परिपत्रके वाचण्याऐवजी शिक्षकांनी एकमेकांस प्रयोग दाखवावेत. कृषी विद्यापीठाने परभणीच्या शाळांस माती, बियाणे आणि पावसाच्या नोंदी वापरून पाठ तयार करून द्यावेत. मोडलेल्या साहित्याची भरपाई शिक्षकाकडून मागू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, लेखी परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः घेतलेल्या मापांवरूनच देता येईल. या शेवटच्या सुधारणेवाचून बाकीच्या चारही कागदावर राहतील.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पहिली दहा वर्षे सर्वच मुलांस गणित आणि विज्ञान शिकवावे, असे सुचविले. दुर्गम-सुगम, श्रीमंत-गरीब असा भेद त्या शिफारशीत नव्हता. शहरातील मुलास शिकवणी, संच, विज्ञान केंद्र हे सारे पैसे टाकून मिळू शकते. पिंगळीच्या मुलास शाळेत जे मिळेल तेवढेच. नव्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवर आणि पडद्यांवर खर्च होणारच आहे. तो करताना प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न बदलण्याचे धाडस शासनाने दाखविले, तर त्या खर्चाचा उपयोग पिंगळीपर्यंत पोहोचेल.