पट नको, चौथीपर्यंत शिकलेली मुले मोजा

जून आला की दिंडोशीच्या वस्त्यांमध्ये पटनोंदणीची धावपळ सुरू होते. महापालिका शाळेचे शिक्षक घरोघरी फिरतात, पहिलीच्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते. वह्या, दप्तर, गणवेश मोफत मिळतात, दुपारी पोषण आहार असतो. हे सर्व मोलाचेच आहे. पण पट भरला म्हणजे शाळा सुधारली, असे आम्ही मानत नाही.

शाळा कशी मोजावी हे बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. किती आली, यापेक्षा किती टिकली, हा त्यांचा प्रश्न होता.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. मूल चौथीत पोहोचते, पण अनेकदा धड वाचता न येताच पोहोचते. म्हणूनच २०२१ मध्ये केंद्र सरकारला ‘निपुण भारत’ अभियान सुरू करावे लागले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधे हिशेब करता यावेत, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरली. जे मूल आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्गातच नसते, ते यात मागे पडणारच.

ते का नसते? दिंडोशी-कुरार पट्ट्यातील कित्येक घरे डोंगरउतारावर आणि वनहद्दीला लागून आहेत. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाड टेकडी जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाडा, आंबेडकर नगरातील झोपड्यांवर कोसळली आणि २५ हून अधिक माणसे गेली. १३ मार्च २०२३ रोजी, ऐन वार्षिक परीक्षांच्या तोंडावर, आप्पापाड्यात शेकडो झोपड्या जळाल्या. घराबरोबर दप्तर, पुस्तके, कागदपत्रेही जातात. कुटुंब दूर कुठेतरी हलते आणि मुलाचे नाव मात्र जुन्याच शाळेत राहते. एरवीही आई-वडील कामावर गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी थांबते. हजेरीपटावर या सगळ्याची नोंद एकच: गैरहजर.

शिक्षकांवर सगळा दोष टाकून हे सुटणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने आपल्या हातातही साधने दिली आहेत. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना सांगणे हे तर शिक्षकाचे कायद्यानेच ठरलेले कर्तव्य आहे.

म्हणून बौद्ध तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. आपल्या वस्तीतील माता-पालक समितीवर जातील आणि बैठकीत बोलतील, हे पाहावे. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जावे; रागवायला नव्हे, अडचण समजून घ्यायला. आणि संध्याकाळी विहारात तासभर वाचनवर्ग चालवावा. जयंतीच्या मंडपाला जेवढे हात लागतात, त्यातले चार हात वर्षभर या कामाला मिळाले तरी पुरेत.

समितीच्या पुढच्या बैठकीत प्रश्नही एकच विचारावा: चार वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्या मुलांपैकी आज किती इथे आहेत आणि किती वाचू शकतात? १९२७ चा हिशेब अजून पूर्ण व्हायचा आहे.

जय भीम!