काळीची झाकली मूठ

आमच्या भाषेने गावाचे दोन भाग कधीच करून ठेवले आहेत. घरे उभी ती पांढरी आणि पीक उभे ती काळी. यवतमाळ जिल्ह्यातली काळी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण झिजून झालेली चिकणमाती. उन्हाळ्यात तिला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृग बरसला की तीच फुगून बसते.

ही किमया तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाची. (नाव फ्रान्समधल्या एका गावाचे, आमच्या वणी-दारव्ह्याला तो मान मिळाला नाही!) पोथीच्या पानांसारखे त्याचे थर एकावर एक बसलेले असतात. एकेक थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. थरांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून पोटॅशियमचे धनभारित कण त्या पानांमध्ये अडकून राहतात आणि मुळांच्या मागणीप्रमाणे थोडे थोडे सुटतात. आजीच्या फडताळातल्या डब्यासारखाच हा व्यवहार! मागितल्याशिवाय काही बाहेर येत नाही.

शास्त्रज्ञांना मोह पडला तो या डब्याचाच. हलक्या मुरमाड रानात पोटॅश पावसाबरोबर खाली निचरून जाते. भारी काळीत ते कधीकधी असे जखडून बसते की पिकाला वेळेवर मिळत नाही. कपाशीची खरी भूक तर बोंडे भरताना. म्हणून चिकणमातीवर आम्लाची, उष्णतेची वा क्षारांची प्रक्रिया करून तिची पकड हवी तेवढी सैल वा घट्ट करायची, मग पोटॅशयुक्त पाण्यातून पोटॅशियम टिपून घ्यायचे आणि ती माती सावकाश लागू पडणारे खत म्हणून शेतात टाकायची, अशी ही युक्ती आहे.

युक्ती नामी, पण हिशेब करून पाहावा. चांगल्या माँटमोरिलोनाइटच्या १०० किलोंत साध्या अदलाबदलीने सुमारे पावणेपाच किलो पोटॅश मावते. दुकानातल्या म्युरिएट ऑफ पोटॅशच्या ५० किलोंच्या एका पोत्यात ते ३० किलो असते. म्हणजे एका पोत्याऐवजी जवळजवळ तेरा पोती माती गाडीत भरायची! कोरडवाहू कास्तकाराला हे भाडेच परवडणार नाही. थरांत क्षार कोंबून भार वाढवण्याचे प्रयोग होतात, ते याचसाठी.

दुसरीकडे ते पोतेही परक्याच्या हातचे. आपल्याकडे पोटॅशच्या चालू खाणी नाहीत. जवळजवळ सगळा माल कॅनडा, रशिया अशा देशांतून बोटीने येतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा त्याची झळ पार आर्णी-घाटंजीच्या कृषिकेंद्रापर्यंत पोचली.

मग काळीच्या मुठीत आहे तेच जपावे, हे ओघाने आले. मृदा आरोग्य पत्रिकेत हेक्टरी २८० किलोंच्या वर पोटॅश आढळले की 'भरपूर' असा शेरा पडतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. पण भरपूर म्हणजे अक्षय नव्हे. गंमत अशी की, कापसाच्या तंतूबरोबर फारसे पोटॅश बाजारात जात नाही; ते राहते पानांत, बोंडांच्या टरफलांत आणि पऱ्हाटीत. 'पोटॅश' या शब्दाचा मूळ अर्थच मडक्यातली राख! बोंडअळीच्या भयाने पऱ्हाटी उपटावी लागते, हे खरेच. ती शेतातच बारीक करून कुजवली, तर पोटॅश जागच्या जागी राहते. चुलीत घातली, तर निदान राख तरी वावरात परत टाकावी. आमच्याकडे ती बहुधा भांडी घासून मोरीत जाते.