नातीचा फेटिया जूनमध्येच शिवायला टाका

शाळा उघडल्या की पंधरा दिवसांत नांदेड-लातूरच्या कॉलन्यांमध्ये डान्स क्लासच्या पाट्या लागतात आणि घरोघरची नात नाव घालून येते. फी ठरते, वार ठरतात, वेळ ठरते. पोशाखाचं मात्र ‘डिसेंबरात बघू’ म्हणून राहून जातं. मग गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी डिपॉझिट भरून ‘लमाणी ड्रेस’ भाड्याने येतो. कमरेला इलॅस्टिक, आरशांच्या जागी डिंकाने डकवलेल्या चंदेरी टिकल्या, कवड्या प्लॅस्टिकच्या. पोरगी पाच मिनिटं नाचते आणि दुसऱ्या दिवशी तो घामेजलेला ड्रेस दुकानात परत जातो.  लमाणी नाचाच्या बाबतीत हे गंभीर आहे, कारण हा नाच निम्मा त्या कपड्यात आहे. अंगावर तो कपडा नसेल तर पोरगी फक्त हातवारे शिकते.

कपडा कसा असतो ते थोडक्यात सांगतो. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठ उघडी ठेवून मागे कसांनी बांधायची ती काचळी आणि डोक्यावरून घ्यायची ती टुकरी. त्यावर आरसे, कवड्या, नाणी, घुंगऱ्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम. नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूर, मुखेड, कंधारकडे आणि लातूरकडे रेणापूर, अहमदपूर, जळकोटच्या भागात लमाणांचे, म्हणजेच बंजाऱ्यांचे, तांडे आहेत. श्रावणात तीज आली की लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि त्या टोपल्यांभोवती गातात, नाचतात. होळीला लेंगी म्हणतात. नाचाची खरी वेळ ही दोन सणांची. डिसेंबर शाळेने ठरवला.

आता हा नाच नीट बघा. बाया गोल धरतात, एकदम कमरेत वाकतात, टाळी देतात, उठतात आणि पाऊल सरकवतात. त्यात गिरक्यांची घाई नाही, उड्या नाहीत. वाकताना फेटियाचा जड घेर पुढे जातो आणि उठताना मागे येतो. त्या येण्याजाण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढीच या नाचाची लय. कवड्या आणि घुंगऱ्या वाजतात त्याही त्याच क्षणी. म्हणून नगारा आणि थाळीवरही हा नाच भागतो. हलका पॉलिस्टरचा घागरा असा रेंगाळत नाही, लगेच फिरून पायाला चिकटतो. मग पोरीला वाकणं अपुरं वाटतं, शिकवणारे गिरक्या घालतात, गाण्याचा वेग वाढवतात, आणि बघता बघता तो दुसराच नाच होतो. कथक शिकवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते लहान मुलीच्या पायात आधी थोडी घुंगरं बांधतात आणि पाय तयार होईल तशी वाढवत नेतात. घुंगरं कार्यक्रमाच्या दिवशी भाड्याने आणावी असं कोणताही गुरू म्हणणार नाही. मग फेटियाच्या वजनाला वेगळा न्याय कशासाठी?

आरशाचंही तसंच. काचेला सुई भोक पाडू शकत नाही. म्हणून बाई बोटाएवढा आरशाचा तुकडा कापडावर धरते आणि त्याच्यावरून आधी दोन उभे, दोन आडवे धागे टाकते. ही झाली चौकट. मग त्या चौकटीच्या धाग्यात सुई अडकवून काठाने गोल टाके घालत जाते. प्रत्येक टाक्याला चौकट बाहेर ओढली जाते आणि शेवटी काच दोऱ्याच्या कड्यात घट्ट बसते. डिंकाचा थेंबही लागत नाही. नाचून, धुऊन, वाळवून ती काच वर्षानुवर्षं हलत नाही. डकवलेली टिकली पहिल्याच घामाला सुटते. भाड्याचा ड्रेस स्वस्त पडतो असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही कपडे उलटे करून आतली बाजू एकदा बघावी.

‘पोर वाढतं, एवढा खर्च एका वर्षासाठी कोण करणार?’ हा आक्षेप वाजवी आहे, पण त्याचं उत्तर त्या कपड्याच्या बेतातच आहे. फेटियाला नेफा आणि नाडी असते, काचळीला कस असतात. दोन्ही सैल करता येतात. खालच्या काठाला आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं की उंचीही निघते. सात वर्षांच्या मुलीला शिवलेला फेटिया दहाव्या वर्षापर्यंत चालवता येतो, पुढे धाकट्या बहिणीला होतो. वजनाची काळजी असेल तर आरसे, कवड्या कमी लावायला सांगा, कापड सुती घ्या. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, तिथे कापडादोऱ्याची वानवा नाही. दुसरा आक्षेप क्लासवाल्यांचा: एका कार्यक्रमात कोळी, लावणी, गोंधळ, लमाणी असे सहा प्रकार बसवतो, सहा पोशाख कोण शिवणार? मला वाटतं सहा बसवू नयेत. वर्षभर एक नाच त्याच्या कपड्यासकट शिकलेली मुलगी त्या सहांपेक्षा खूप जास्त शिकते.

तिसरा आक्षेप नाजूक आहे, तो मला टाळायचा नाही. ज्यांच्या घरी कधी फेटिया नव्हता त्यांच्या नातीने तो घालावा का? आणि ज्यांच्या घरी होता, त्यांच्याच मुली तो का सोडतात? १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी कितीतरी भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. अनेक भागांत बंजारेही त्यात आले. तो शिक्का कायद्याने पुसला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तोवर लांबून ओळखू येणारा कपडा धोक्याचा होता. पुढे शाळेत, बाजारात त्याच कपड्यावरून चिडवणं आलं, तेव्हा बायांनी साडी घेतली, यात त्यांचा काही दोष नाही. स्कॉटलंडमध्ये असंच घडलं होतं. राजाविरुद्धच्या बंडानंतर १७४६ च्या कायद्याने डोंगरी पुरुषांना आणि मुलांना त्यांचा पारंपरिक वेश घालायला बंदी केली, ती १७८२ ला उठली. आज तिथल्या हायलँड नाचाच्या स्पर्धांत बहुतेक मुलीच उतरतात, आणि तोच पुरुषांचा लोकरी, चुण्यांचा किल्ट नेसून नाचतात. वेश टिकला, कारण नाचणाऱ्या पोरांसाठी तो खरा शिवला जात राहिला. आपल्याकडे वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, ते हवंच होतं. पण काचेआडच्या फेटियाला घेर धरता येत नाही. दुसऱ्याच्या घरच्या मुलीने तो घालायला माझी हरकत नाही. अट एकच, तो तांड्यावरच्या बाईकडून, तिची मजुरी देऊन शिवून घ्यावा. नक्कल भाड्याने आणली की त्या बाईच्या हातात एक रुपयाही जात नाही.

आणि ‘आता हे काम येतं कुणाला?’ असं कुणी म्हणू नये. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी बायांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी साडेचारशेंवर बायांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि गिनीज विक्रमात नोंद झाली. तिथे कामाला संस्था मिळाली, गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे त्याच सुईच्या बाया ऊस तोडतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि दिवाळीच्या सुमारास तांडे रिकामे होऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. परत येतात त्या मार्च-एप्रिलात. म्हणजे ज्या डिसेंबरात आपल्याला लमाणी पोशाख आठवतो, त्या डिसेंबरात तो शिवणारी बाई पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. सुई धरायला तिला सवड असते ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे खिशात पैसा नसण्याच्या आणि उचल घेण्याच्या दिवसांत.

म्हणून क्लासच्या बाईंना नाच कोणता बसवणार ते आत्ताच विचारा. नातीचं कमरेचं, उंचीचं आणि छातीचं माप घ्या, वर वाढीची माया धरा, आणि जवळच्या तांड्यावर जाऊन निम्मी मजुरी आगाऊ देऊन या. श्रावणात तीज असते, तोवर फेटिया तयार होईल. तेव्हा नातीलाही सोबत न्या, टोपल्यांभोवतीचा गोल तिला बघू द्या.