सुधारणा की लपवाछपवी?

मोबाइलमुळे छायाचित्रणाची कला आज प्रत्येकाच्या आटोक्यात आली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु साधन हाती आले म्हणजे दृष्टीही आली, असे मात्र नाही. शास्त्री नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जयगड किल्ल्याचीच चित्रे पाहा. कित्येकांत आकाश पांढरेफटक, नाहीतर तट काळाकुट्ट!

कारण सोपे आहे. काळवंडलेला जांभा आणि समुद्रावरचे लख्ख आकाश यांच्या उजेडातील तफावत कॅमेऱ्याला एकदम पेलत नाही. अशा वेळी पडद्यावर आकाशाच्या भागावर बोट टेकवून प्रकाशाचे माप घ्यावे. डिजिटल चित्रात जो भाग पूर्ण पांढरा झाला त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. सावलीत मात्र पुष्कळ शिल्लक असते आणि ते मागाहून उजळता येते. शक्य तर 'रॉ' फाइल ठेवावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दगडाचा पोत उठून दिसतो. निम्मे काम सूर्यच करतो.

इथवरची सुधारणा रास्तच. डोळ्यांना दिसले ते कॅमेऱ्याला पेलले नाही, म्हणून आपण त्याला हात देतो. खरा प्रश्न पुढेच आहे. जयगडला किल्ला आहे, १९३२ सालचे दीपगृह आहे; तसेच मोठे बंदर आणि १,२०० मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्रही आहे. चित्रातून चिमणी पुसणे आता क्षणाचे काम झाले आहे. देखण्या चित्रात चिमणी हवी कशाला, असे पुष्कळजण विचारतात.

माझे मत असे की, चिमणी नको असेल तर खुशाल जागा बदलावी, चौकट बदलावी. पण चौकटीत आलेले पुसू नये. चौकट बदलणे हीसुद्धा लपवाछपवीच नव्हे काय, असे कोणी म्हणेल. नव्हे! चौकट 'मी एवढेच दाखवतो' असे सांगते. पुसलेले चित्र 'तिथे काही नव्हतेच' असे सांगते. १९८२ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, तेव्हा त्यावर टीका झाली ती याचसाठी.

बंदर आणि वीजकेंद्र हवे की नको, याविषयी आपल्यात मतभेद असतील. परंतु हा किनारा कसा बदलत गेला, हे उद्या कोणी पाहू जाईल तेव्हा आपलीच चित्रे पुरावा ठरणार आहेत. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना चित्र लागेल, ते खरेच लागेल.