कोकोपीटचा गट नंबर कोणता?

यंदा मे महिन्यात आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. खरीप टोमॅटो आणि मिरचीची रोपे दोन पानांवर आली की पिवळी पडताहेत, फवारणीने हिरवी होत नाहीत, काय करावे? बहुतेक पत्रे पहिलीच बॅच घेणाऱ्यांची आहेत. शेडनेट नवे, ट्रे नवे, गावातल्या वीस शेतकऱ्यांची ॲडव्हान्स बुकिंग घेतलेली आणि लागवडीची तारीख डोक्यावर. घबराट समजण्यासारखी आहे. पण या वेळी आम्हाला पिवळ्या रोपांपेक्षा एका कागदाबद्दल जास्त लिहायचे आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका नव्या रोपवाटिकाधारकाने पत्रासोबत प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत जोडली आहे.

या गृहस्थांनी दुकानदाराच्या सांगण्यावर चार बाटल्या विकत घेण्याआधी कोकोपीट तपासायला नेले. आमच्या निम्म्या जुन्या वर्गणीदारांना हे सुचत नाही, त्यांना पहिल्या बॅचला सुचले. प्रयोगशाळेत माती परीक्षणाचा छापील फॉर्म हातात मिळाला. गट नंबर भरा. हे मातीचे नाही, कोकोपीट आहे, असे यांनी सांगितले. मग शेडनेट ज्या गटात आहे तो टाका, असे उत्तर आले. पोल्लाचीहून ट्रकने आलेल्या विटेला अशा रीतीने सातबारा लाभला. नमुन्याची खोली? १५ सेंटीमीटर लिहा, सगळे तेच लिहितात. ९८ कप्प्यांच्या ट्रेची खोली जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर. मागील पीक? तिथे यांनी रेघ मारली.

इथपर्यंत हसून सोडून देता येईल. पुढचे सोडता येत नाही. मातीचा सामू आणि ईसी काढताना एका भागाला अडीच भाग पाणी घेतात, म्हणजे २० ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर. सुके कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी सहज धरते. २० ग्रॅम कोकोपीटवर ५० मिलिलिटर पाणी ओता. बीकरमध्ये ओलसर गोळा उरेल, इलेक्ट्रोड बुडवायला थेंब मिळणार नाही. तरीही अहवालात ईसीचा आकडा आहे, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. तो कुठून आला हे प्रयोगशाळेलाच ठाऊक.

आणि मग सेंद्रिय कर्ब. आपल्याकडे अनेक प्रयोगशाळा उपलब्ध नत्र वेगळे मोजत नाहीत. कर्बाच्या टक्केवारीवरून ठरवतात. मातीपुरता तो आडाखा चालतो. कोकोपीट म्हणजे जवळजवळ सगळा कर्बच, त्यामुळे अहवाल म्हणतो: सेंद्रिय कर्ब अत्यंत भरपूर, नत्र अत्यंत भरपूर, नत्राची मात्रा कमी करावी. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कच्च्या कोकोपीटमध्ये कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर शंभरास एकच्याही पलीकडे असते. त्यात कुजवणारे जिवाणू कामाला लागले की तुम्ही दिलेले नत्र आधी तेच खातात, उरलेले रोपाला. या गृहस्थांनी सरकारी शिक्का पाहून खत थांबवले. आठवड्यात दलपाने पिवळी होऊन गळाली. अहवालाच्या तळाशी शिफारस होती, हेक्टरी किलोमध्ये.

दोष त्या टेबलामागच्या माणसाचा नाही, त्याच्यासमोर जो फॉर्म आहे तो त्याने भरला. मृद आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये आली, बारा घटकांची, आणि शेतातल्या मातीसाठी ती ठीक आहे. पण तेव्हापासून राज्यात ट्रेवरच्या रोपांचा धंदा कुठून कुठे गेला! नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात आज गादीवाफ्यावर टोमॅटोचे रोप करणारा शोधावा लागेल. त्या रोपाखालच्या माध्यमासाठी मात्र वेगळा फॉर्म नाही, वेगळी पद्धत नाही. मध्यंतरी कृषी सहायकाचे पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. पदनाम बदलायला जेवढे कागद लागले असतील, त्यातल्या एका कागदावर हा फॉर्म मावला असता.

पाण्याचीही तीच गत. पाणी परीक्षणाचा अहवाल आरएससी पाहून 'सिंचनास योग्य' असा शेरा मारतो. आरएससी म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलेला आकडा. बोअरचे पाणी जड असेल तर वजाबाकीत तो शून्याखाली जातो आणि शेरा हिरवा येतो. प्रत्यक्षात लिटरला चार-पाचशे मिलिग्रॅम बायकार्बोनेट त्या पाण्यात बसलेले असते. उसाला, कांद्याला ते चालेल, जमीन सांभाळून घेते. वीस-पंचवीस मिलिलिटरच्या कप्प्यात सांभाळून घ्यायला आहेच काय? दिवसातून दोन वेळा तेच पाणी मारले की दोन आठवड्यांत माध्यमाचा सामू साताच्या वर जातो आणि लोह असूनही रोपाला मिळत नाही. म्हणून शेऱ्याकडे पाहू नका, बायकार्बोनेटच्या ओळीतला आकडा वाचा.

आता योजनेचे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत ४,६०,००० रुपयांच्या खर्चाला निम्मे, म्हणजे २,३०,००० रुपये अनुदान आहे. त्यात शेडनेट आहे, प्लास्टिक टनेल आहे, पॉवर नॅपसॅक स्प्रेअर आहे आणि ६२ प्लास्टिक क्रेट आहेत. ६२ का, ६० किंवा ६५ का नाहीत, हे विचारू नये. ईसी आणि पीएचचे मीटर त्यात नाही. दोन-चार हजारांची वस्तू. फवारायला यंत्र दिले, कशासाठी फवारायचे हे कळण्याचे साधन दिले नाही, आणि नवा माणूस यादीत जे मिळाले त्यानेच उपचार करतो.

ज्यांची बॅच आज ट्रेमध्ये आहे त्यांच्यासाठी थोडे. पिवळेपणा कुठून सुरू झाला ते आधी बघा. खालून, दलपानांकडून वर चढत असेल तर नत्र. लिटरला एक-दीड ग्रॅम १९:१९:१९ ची आळवणी करा. दहा ग्रॅमचे फवारणीचे प्रयोग नकोत, कडा जळतील. शेंड्याकडची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा पाणी. इथे दुकानदार ईडीटीए चिलेट देतो. ते साडेसहा सामूच्या वर टिकत नाही. तुमचा सामू साडेसात असताना पैसे तळातून वाहून जातात. ईडीडीएचए महाग आहे, पण तेच लागते. त्याहून आधी पाणी आम्ल करून साडेपाच ते साडेसहावर आणा. फॉस्फोरिक वापरा, नायट्रिक वापरा, पण ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. आरओ बसवून सुटलो असे समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही उरत नाही. ते वेगळे द्यावे लागते.

सरसकट सगळा ट्रे मलूल पिवळा असेल तर खताच्या पिशवीला हात लावण्याआधी रोप उपसून मुळी बघा. पांढरी असेल तर ठीक. तपकिरी आणि बोटात सालपटासारखी निघत असेल तर पाणी जास्त झाले आहे, पाठोपाठ मर येणार. कोकोपीट वरून सुके दिसते आणि खाली चिखल असतो. ट्रे उचलून वजनावर पाणी द्यायचे, वेळापत्रकावर नाही.

कोकोपीट नुसत्या पाण्याने धुतले म्हणजे झाले, हाही एक समज आहे. मोकळे क्षार जातात, पण तंतूला चिकटलेले सोडियम आणि पोटॅश जात नाही. ते कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून काढावे लागते, मग पुन्हा धुवायचे. नाहीतर तेच कोकोपीट रोपाच्या वाट्याचे कॅल्शियम गिळत बसते. पोत्यावर 'लो ईसी' छापलेले असते, आकडा नसतो. बिलावर आकडा लिहून मागा. लिहून देत नसेल तर गाडी परत पाठवा. एकट्याने परत पाठवली तर तो पुढच्या गावात विकेल, तालुक्यातल्या दहा जणांनी पाठवली तर पुढच्या वेळी आकडा छापून येईल.

आणि हे जुन्या सभासदांसाठी. तुमच्यातल्या अनेकांकडे मीटर आहे. ते खोक्यात पडून, टोक सुकून गेलेले आहे, बफर आणून कधी लावलेले नाही, आणि त्यावरच्या आकड्यावर तुम्ही शेजारच्या नव्या पोराला सल्ला देता. काही जण तर सल्लाही देत नाहीत. त्याची बॅच गेली की त्याचे बुकिंग आपल्याकडे येईल अशी आशा असते. पिवळी रोपे गाडी भरायच्या आदल्या दिवशी युरिया मारून हिरवी करणारेही आम्हाला माहीत आहेत. ते रोप शेतात गेल्यावर आठ दिवस उभे राहत नाही, आणि शेतकरी 'रोपवाटिकेचे रोप' म्हणून शिव्या देतो तेव्हा त्या सगळ्यांना बसतात.

कृषी आयुक्तालयाकडे आमची मागणी एवढीच आहे: मातीविरहित माध्यमासाठी स्वतंत्र फॉर्म आणि पद्धत, पाणी अहवालात रोपवाटिकेसाठी वेगळा शेरा, आणि योजनेच्या यादीत दोन मीटर. क्रेट साठ चालतील.

पण निवेदनावर नुसत्या सह्या नकोत, आकडे हवेत. तुमच्या बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या अहवालाची प्रत जुलैअखेर कार्यालयात पाठवा. तालुकावार बायकार्बोनेटचा तक्ता आम्ही छापू आणि तोच निवेदनाला जोडू. कोणाचेही नाव छापणार नाही. अहवाल नसेल तर नमुना आता काढा. बोअर पंधरा मिनिटे चालू ठेवून पाणी घ्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. फॉर्मवर गट नंबर विचारतील. पाण्याचा तरी खरा लिहिता येईल.