पाऊस आला की बारी थांबलीच पाहिजे

‘परदेशात मोटारींच्या शर्यती भर पावसात होतात, आणि आपण चार थेंब पडले की घाट बंद करायचा?’ तालुक्यातल्या एका यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या माईकवरून हा सवाल टाकला गेला आणि त्याला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून मुद्दा खरा ठरत नाही. पण तो तेव्हापासून पारापारावर आणि बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातही कानावर येतो. बैलांची पारख करणारी, गाडा जिवापाड सांभाळणारी माणसंसुद्धा तो उच्चारू लागली आहेत, म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी समोरच्याची बाजू मांडतो. त्यांचं म्हणणं चार वाक्यांत सांगता येतं. धोका हाच शर्यतीचा प्राण आहे, तो काढला तर उरतं काय? जुनी माणसं पावसाला भीत नव्हती, आत्ताचीच नाजूक झाली. गाडामालक लांबून टेम्पो भरून आलेले असतात, बक्षिसं जाहीर झालेली असतात, हजारो लोक उन्हात ताटकळलेले असतात, त्या सगळ्यांना परत पाठवायचं कसं? आणि शेवटचा हुकमी एक्का: जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी पावसात पळतात, त्यांचे ड्रायव्हर रडत नाहीत.

या शेवटच्या एक्क्यापासूनच सुरुवात करू, कारण टाळ्या त्यालाच पडल्या. मोटारशर्यतींचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. पावसात उडणाऱ्या पाण्याची चित्रफीत फोनवर पाहिली म्हणजे त्या खेळाचा इतिहास कळला असं होत नाही.

१९७६ सालचं उदाहरण घ्या. निकी लाउडा हा त्या वेळचा जगज्जेता. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगचा रस्ता शर्यतीच्या लायक नाही, तिथे धावू नये, असं त्याने बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं. मतदान झालं, तो हरला, शर्यत झाली. १ ऑगस्टला त्याच शर्यतीत त्याची गाडी पेटली आणि तो आत भाजला. सहा आठवड्यांत तो पुन्हा गाडीत बसला. अशा माणसाला भित्रा म्हणायची छाती कुणाची आहे? त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजीला शेवटची शर्यत होती. विजेतेपद तिथेच ठरणार होतं आणि लाउडा तीन गुणांनी पुढे होता. पाऊस आणि धुकं यांमुळे शर्यत दीड तासाहून जास्त लांबली, तरी शेवटी ती सुरू केलीच. लाउडाने दोन फेऱ्या मारल्या, गाडी आत आणली आणि उतरला. जीव विजेतेपदापेक्षा मोठा आहे, हे त्याने सगळ्या जगासमोर ठरवलं. जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. लाउडा थांबला म्हणून संपला का? पुढच्याच वर्षी, १९७७ ला, तो पुन्हा जगज्जेता झाला आणि १९८४ ला तिसऱ्यांदा. ‘ड्रायव्हर रडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा तरी वाचायला हवं होतं.

दुसरा अॅलन प्रॉस्ट, चार वेळा जगज्जेता. १९८२ साली हॉकनहाइमला सरावाच्या वेळी पाऊस होता. प्रॉस्टच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या पडद्यात दिदिए पिरोनीला पुढची गाडी दिसलीच नाही, तो मागून येऊन आदळला. पिरोनी त्या वेळी गुणतालिकेत पहिला होता. त्याचे दोन्ही पाय मोडले आणि तो फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पुन्हा कधीच उतरला नाही. ज्याने हे इतक्या जवळून अनुभवलं, त्या प्रॉस्टने १९८९ ला अॅडलेडच्या मुसळधार पावसात पहिल्याच फेरीनंतर गाडी आत घेतली. त्या वर्षीचं विजेतेपदही त्याच्याच नावावर आहे.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पावसात मोटार घसरते म्हणून धोका आहे, एवढंच लोकांना वाटतं. घसरण्यावर त्यांनी बराच उपाय केला आहे. पावसाचं खास टायर ताशी तीनशे किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतं. पण फेकलेलं ते पाणी मागच्याच्या डोळ्यांसमोर भिंत होऊन उभं राहतं. न दिसणं हा त्यांचा आजही न सुटलेला प्रश्न आहे. चाकांवर आच्छादनं लावून पाहिली, तीही उपयोगी पडली नाहीत. २०२३ च्या १ जुलैला बेल्जियममधल्या स्पा इथे खालच्या गटाच्या शर्यतीत असाच पाण्याचा पडदा होता आणि दिलानो व्हान्त हॉफ हा अठरा वर्षांचा मुलगा त्यात गेला.

आणि ज्यूल्स बियांकी. ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका. चक्रीवादळ जवळ आलेलं, पाऊस पडत होता, उजेड कमी होत चालला होता. एक गाडी पाण्यावरून घसरून कडेला गेली. ती उचलायला क्रेन आली. पुढच्याच फेरीत त्याच वळणावर बियांकीची गाडी घसरली आणि त्या क्रेनखाली घुसली. नऊ महिने तो बेशुद्ध होता. १७ जुलै २०१५ ला तो गेला, वय २५.

चौकशी झाली. समितीने म्हटलं की पिवळी निशाणं दाखवलेली असूनही त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता. आपल्याकडे असतं तर विषय इथेच मिटला असता: पोराची चूक, देवाची मर्जी, उद्या पुन्हा घाट चालू. त्यांनी तसं केलं नाही. शर्यतीला उभा राहिलेला माणूस आपणहून वेग कमी करत नाही, मागे पडायच्या भीतीने तो करूच शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. म्हणून २०१५ पासून अशी व्यवस्था आणली की धोका दिसताच सगळ्यांनाच एकदम ठरलेल्या वेगाखाली यावं लागतं. कुणाचा तोटा नाही, कुणाचा फायदा नाही. २०१८ पासून ड्रायव्हरच्या डोक्याभोवती कडंही बसवलं. तरी २०२२ ला त्याच सुझुकात, पावसातच, गाड्या रस्त्यावर असताना उचलणारं वाहन पुन्हा आत आणलं गेलं आणि त्याच्या शेजारून गेलेला पिएर गास्ली संतापला. त्याचा राग रास्त होता. बियांकीचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं.

अमेरिकेतली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत तर ओल्या रस्त्यावर धावतच नाही. १९७६ ला पाऊस आला तेव्हा २५५ मैल झाले होते, तिथेच ती संपवली. २०२१ ला स्पा इथे पैसे मोजून आलेले प्रेक्षक तासन् तास पावसात भिजत बसले. शेवटी सुरक्षा गाडीच्या मागे दोन-तीन फेऱ्या मारून निम्मे गुण वाटले. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती, कारण न झालेल्या शर्यतीला शर्यत म्हणणं खोटं आहे. पण कुणी मेलं नाही. तिकिटाचे पैसे परत करता येतात.

तेव्हा मोटारशर्यतीतून शिकायचंच असेल तर एवढंच शिकता येतं: पावसात पळायचं असेल तर वेगळं टायर लागतं, कानात बोलणारा माणूस लागतो, पुढे सुरक्षा गाडी लागते, आणि एवढं सगळं असूनही माणसं जातात. आता आपल्या घाटाकडे, म्हणजे बैलगाडे पळतात त्या चढाकडे बघा. मोटारीला ब्रेक आहे. बैलाला आहे का? एकदा ‘झाली!’ची आरोळी उठली आणि बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की त्या काही सेकंदांत चार बैलांना जगातला कुणीही थांबवू शकत नाही. पुढे घोडीवरचा पोरगा असतो, त्याच्या मागे ते चौघं. घोडीचा पाय चिखलात सरकला तर त्याने कुठे जायचं? लाल निशाण दाखवलं तर बैल थांबणार आहेत का? मोटारीच्या शर्यतीत निर्णय मध्येही बदलता येतो. आपल्याकडे निर्णयाची एकच वेळ आहे, बारी सोडायच्या आधीची. ती चुकली की उरतो फक्त दवाखाना. मोटारीचा दाखला पावसात घाट चालवायला देणाऱ्याने या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ द्यायची गरज नाही. धोका हा शर्यतीचा प्राण नाही. बैलाचा वेग, मालकाची वर्षभराची मेहनत आणि घड्याळातला सेकंदाचा फरक, हा तिचा प्राण आहे, आणि तो कोरड्या घाटातच खरा दिसतो. चिखलात फळीफोडचं बक्षीस जिंकणारा गाडा चांगला होता की आधी पळाल्यामुळे त्याला कोरडी वाट मिळाली, हे कोण सांगणार? जुनी माणसं भीत नव्हती, हेही खोटं. आभाळ भरून आलं की ती आधी कांदा झाकायची, मग जनावरं बांधायची. आणि माईकवर धाडसाचं बोलणारा मंडपाखाली असतो, घोडीवर दुसऱ्याचा पोरगा असतो.

इथे एका जुन्या वादाकडे वळणं भाग आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत आपण काय सांगत होतो? जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक सभेत एकच वाक्य होतं: बैल आमच्या घरचा आहे, आम्ही त्याला पोरासारखा जपतो. ते वाक्य आपण मनापासून बोललो. शर्यतीला विरोध करणाऱ्यांना आपण म्हणालो की तुम्हाला बैल कळत नाही. मग ज्याला बैल कळतो तो त्याला ओल्या चढावर सोडेल का? पाय मोडलेल्या बैलाचं पुढे काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. २०१७ च्या नियमांत धावपट्टी चिखलाची, दलदलीची नसावी असं लिहिलेलं आहे. त्या नियमांवर सह्या करून, पन्नास हजारांची अनामत भरून आपण परवानगी घेतो. संध्याकाळी सर आली की तो कागद विसरायचा, हे कुठलं जपणं? एका पावसाळी बारीत काही बरंवाईट झालं तर सात वर्षं लढलेल्या प्रत्येकाच्या तोंडचा शब्द खोटा पडेल. शर्यतीचा खरा शत्रू कोर्टात नाही. पावसात ‘सोडा, सोडा’ म्हणून ओरडणारा तो आहे.

आता करायचं काय? घाट ओला झाला आहे की नाही, हे गाडामालकाने ठरवू नये आणि यात्रा कमिटीनेही ठरवू नये, कारण दोघांचा जीव बाऱ्या उरकण्यात अडकलेला असतो. बैल तपासायला येणारे पशुवैद्य आणि बाहेरगावचा एक जाणता गाडाशौकीन अशा दोघांकडे ते द्यावं आणि त्यांचा शब्द शेवटचा मानावा. घोडीवरचा किंवा गाडा जुंपणारा ‘नको’ म्हणाला तर त्या गाड्याचं टोकन, म्हणजे बारीचा नंबर, जाऊ नये. त्याला कुणी भित्रा म्हणालं तर माईकवाल्यानेच त्याला गप्प करावं. टोकन वाटतानाच एक राखीव दिवस धरावा. चैत्र-वैशाखात वळीव येणारच, दरवर्षी पहिल्यांदाच आल्यासारखं नवल कशाला? गाड्यांची संख्या दिवसाला झेपेल एवढीच घ्यावी, म्हणजे ढग दिसताच घाई सुटणार नाही.

याला फार पैसा लागत नाही. परवानगीही लागत नाही. येत्या हंगामात प्रत्येक गावाने यात्रेच्या पत्रिकेवर बक्षिसांच्या यादीच्याही वर, ठळक अक्षरांत दोन वाक्यं छापावीत: पाऊस आल्यास बाऱ्या बंद राहतील. टोकन कायम राहील. जी कमिटी हे छापणार नाही, तिच्या घाटात गाडा नेऊ नका.